ह्यांचे तीस आकडे

सकाळी एकाच लग्नपत्रिकेच्या छपाईसाठी जाळीचे दोन स्क्रीन केले. एक मी अंगणात उन्हाला धरला, दुसरा सुनेने नव्या दिव्यांच्या पेटीत ठेवला. उजेड लागतो तिथे स्क्रीनवरचा लेप घट्ट होतो. वर ठेवलेल्या फिल्मवरच्या काळ्या अक्षरांखाली तो कच्चाच राहतो, पाण्याने धुऊन जातो आणि तिथूनच शाई उतरते. म्हणजे अक्षर उमटतं ते सावलीमुळे. इतक्या वर्षांत हे नीट मनात आलंच नव्हतं.

पेटीतली सगळी अक्षरं मोकळी झाली. माझी बारीक अक्षरं वैशाखाचं ऊन जास्त लागून बुजली.

“आई, उन्हाचं काही खरं नाही,” सून म्हणाली.

मी तर ह्यांच्यासारखेच तीस आकडे मोजले होते. हे गेल्यावर हिवाळाभर त्यावरच काम निभावलं. मग आठवलं, थंडीत हे एकेक आकडा रेंगाळत म्हणायचे आणि वैशाखात भरभर. मी आकडेच धरून बसले. वेग कधी ऐकलाच नाही, की ऐकून विसरले?

दुपारी पुन्हा पेटी लावली. ती आपोआप विझली तेव्हा मी सतरावर होते. उरलेले तेरा तिथेच उभी राहून मोजायला घेतले. सावकाश मोजावेत की भरभर, ते काही ठरेना.