हाफ पँटचा माफीनामा

पेन अंकुशभाऊंच्या हातात होतं आणि कागद टेबलावर. मी ठाण्यात शिरले तेव्हा ते सहीची जागा शोधत होते. मी आधी पेन काढून घेतलं, मग साहेबांना नमस्कार केला.

मी बीडच्या कोर्टात वकिली करते. अंकुशभाऊंची नेकनूर–बीड काळीपिवळी आहे. त्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून मी कितीदा तरी बीड गाठलेलं आहे. त्यांची मुलगी सारिका पोलीस भरतीची तयारी करत होती. फोन तिनंच केला. "म्याडम, पप्पा माफीनाम्यावर सही करायलेत. लवकर या." मी मांजरसुंब्याला एका पक्षकाराच्या ढाब्यावर बसले होते. चहा तसाच ठेवला आणि निघाले. ठाण्याचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही.

पोरीचा गुन्हा काय? तर सकाळी रोडला हाफ पँट घालून पळाली.

भरतीत मुलींना आठशे मीटर पळावं लागतं. सेकंदावर मार्क असतात. ट्रॅक पँट घामानं पायाला चिकटते आणि सेकंद जातात, म्हणून ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, जवळ आल्यावर तिच्या भरती अकॅडमीच्या सरांनी सगळ्या मुलींना हाफ पँट घालायला सांगितलं. गुडघ्यापर्यंतची साधी काळी पँट. गावाच्या माजी सरपंचांना, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, ती सहन होईना. त्यांनी ग्रामसभेत ठराव करून घेतला की मुलींनी सार्वजनिक रस्त्यावर तोकड्या कपड्यांत पळू नये, पळाल्यास कायदेशीर कारवाई होईल. बाकीच्या मुली घरी बसल्या. सारिका पळतच राहिली. मग अण्णा ठरावाची प्रत आणि तक्रारीचा अर्ज घेऊन ठाण्यात.

आता कायदा सांगते, सोपा करून. ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. नळ, नाली, दिवाबत्ती यावर गावानं खुशाल ठराव करावेत. गुन्हा कशाला म्हणायचं ते ठरवायचा अधिकार गावाला नाही. इथं लावायचीच म्हटली तर दोन कलमं होती. एक महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ११०. रस्त्यावर जाणूनबुजून, अश्लीलपणे अंग उघडं करणं किंवा असभ्य वागणं. दुसरं भारतीय न्याय संहितेचं २९६. लोकांना त्रास होईल अशी अश्लील कृती सार्वजनिक जागी करणं. दोन्ही कलमं मी किती वेळा वाचली असतील. पँट कुठपर्यंत असावी हे त्यांत कुठंच लिहिलेलं नाही.

आणि त्याच रोडवर त्याच अकॅडमीची पोरं उघड्या अंगानं पळतात! त्यात अण्णांचा सख्खा पुतण्या. त्याच्यावर ठराव नाही.

पीएसआय साहेब तरुण होते, बोलायला गोड. म्हणाले, "मॅडम, मी कुठं गुन्हा दाखल करतोय? उलट मिटवतोय. माफीनामा द्या आणि घरी जा." खरं सांगते, त्या माणसाला मनापासून वाटत होतं की आपण उपकार करतोय. आमच्याकडं सगळ्यावर हा एकच इलाज. मिटवून घ्या. बांध कोरला, मिटवून घ्या. सुनेला मारलं, मिटवून घ्या. ज्याची चूक नाही त्यानं मान खाली घातली की मिटलं.

मी कागद वाचला. सारिकाच्या नावाचा होता, खाली तिची आणि बापाची सही घ्यायची होती. "मी सार्वजनिक रस्त्यावर असभ्य वर्तन केले असून पुन्हा असे करणार नाही." माझं डोकंच फिरलं. अहो, ही माफी नाही, ही कबुली आहे! भरतीत निवड झाली की चारित्र्य पडताळणी होते, म्हणजे उमेदवाराबद्दल त्याच्या भागातल्या ठाण्याकडून रिपोर्ट मागवतात. सारिकाचा रिपोर्ट ह्याच ठाण्यातून जाणार होता. आणि फाइल उघडली की बापाच्या आणि तिच्या सहीचा हा कागद पहिला.

अंकुशभाऊंना ते कळत नव्हतं. ते हात जोडून मलाच म्हणाले, "कावून वाढवायचं म्याडम? लेकीची जात हाय. मिटतंय तर मिटू द्या."

"भाऊ, ह्या सहीनं भांडण मिटणार नाही, तुमच्या पोरीची नोकरी मिटंल," मी म्हणाले. पडताळणीचं सगळं समजावून सांगितलं. तेव्हा कुठं त्यांनी हात टेबलावरून मागं घेतला. सारिका भिंतीशी उभी होती, पायात अजून पळायचे बूट.

मग मी शेजारच्या खुर्चीत बसलेल्या अण्णांकडं वळले. तुम्हाला नेमका त्रास काय झाला, असं विचारलं. आमच्या लेकीसुना त्याच रोडनं जातात, बघवत नाही, वगैरे बरंच बोलले. बोलता बोलता एकदा पोरीकडं बघून हसलेसुद्धा. एवढ्यात सारिका पहिल्यांदा बोलली. "अण्णा रोज रोडवरच्या बोअरला चड्डीवर अंघोळ करतेत. आमी खाली मान घालून जातो."

मी साहेबांकडं कोरा कागद मागितला. म्हटलं, अण्णांविरुद्ध अर्ज देते. रस्ता तोच, कलम तेच.

अण्णा खुर्चीतून उठले. "म्याडम, मी बाप्या माणूस हाय!"

"कायद्यात 'कोणतीही व्यक्ती' असं लिहिलंय. बाप्याला सूट दिलेली नाही."

साहेब दोघांनाही खाली बसवायला लागले. त्यांना अजूनही सारिकाचा आणि अण्णांचा असे दोन माफीनामे घेऊन सगळंच मिटवता येईल असं वाटत होतं. शेजारच्या टेबलावर एक लेडी कॉन्स्टेबल खाली मान घालून लिहीत होती. सारिकाचा माफीनामाही तिच्याच अक्षरात होता. मी तिला विचारलं, "ताई, तुम्ही भरतीला काय घालून पळालात?"

तिनं साहेबांकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"हाफ पँट. सगळ्याच जणी."

"समोर कोण होतं?"

"एसपी साहेब. सगळे अधिकारी."

त्यानंतर साहेबांनी अण्णांना अर्ज माघारी घ्यायला सांगितलं. मी तेवढ्यावर उठले नाही. माफीनामा माझ्यासमोर फाडायला लावला आणि अण्णांच्या अर्जावर 'गुन्हा दिसून येत नाही' असा शेरा साहेबांकडून मारून घेऊन त्याची नक्कल घेतली. साहेबांनी चहा मागवला. मी घेतला नाही. सकाळपासून एका पोरीला भिंतीशी उभं केलं होतं, आणि तिची माफी मागावी असं तिथं कुणाच्या मनातही आलं नाही.

बाहेर आल्यावर अंकुशभाऊ लेकीला काय म्हणाले असतील? "बाई, आता ट्रॅक पँटच घालत जा." मी तोंड उघडणार होते, पण सारिकाच म्हणाली, "पप्पा, सेकंद जातेत." आणि दुसऱ्या दिवशी तीच हाफ पँट घालून ती पळाली.

सारिका भरती झाली. पडताळणीचा रिपोर्ट त्याच ठाण्यातून गेला, स्वच्छ. लोक विचारतात म्हणून सांगते. गुन्हा केला नसेल तर माफी लिहून देऊ नका. साहेब कितीही गोड बोलले तरी नाही.

परवा अंकुशभाऊंनी काळीपिवळी गावाच्या फाट्यावर थांबवली आणि कौतुकानं मला फ्लेक्स दाखवला. 'गावची लेक, गावचा अभिमान.' हात जोडलेले अण्णा भले मोठे. कोपऱ्यात सारिका, अकॅडमीच्या शर्यतीतला फोटो, छातीवर नंबर. तो फोटो मी तिच्या मोबाइलमध्ये पूर्ण बघितलेला होता. फ्लेक्सवर तो कमरेपासून खाली कापलेला होता.

ज्या पायांनी नोकरी मिळवली, ते गावानं अजून लावलेले नाहीत.