छातीठोक आणि इटलीची झांज

वाद्यदुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्या त्या गृहस्थांना तोंडावर सगळे मास्तर म्हणत आणि पाठीमागे छातीठोक. ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द त्यांच्या तोंडून बायकोनेही कधी ऐकले नव्हते, आणि लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती. कुणी रस्ता विचारला तर ते चुकीचा सांगत, पण इतक्या ठामपणे की दोन चौक पुढे गेल्यावर माणूस रस्त्यालाच दोष देई.

अॅकॉर्डियनचे फाटलेले भाते चिकटवणं, गिटारच्या खुंट्या बदलणं, ड्रमवर नवं कातडं चढवणं हा त्यांचा मूळ धंदा, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण एकदा कुणाच्या तरी माळ्यावरचं व्हायोलिन बघून ते म्हणाले, “जर्मन आहे, फुकट घालवू नका,” आणि योगायोगाने ते खरं निघालं. तिथून सगळं बिनसलं. महिन्याभरात दारावर पाटी लागली: ‘जुनी वाद्ये ओळखून किंमत सांगितली जाईल. लेखी दाखला मिळेल.’

वस्तू कानाशी धरायची, डोळे मिटायचे, नखाने टिचकी मारायची आणि देश, साल, किंमत एका दमात सांगून टाकायची, ही त्यांची पद्धत. किंमत गिऱ्हाइकाच्या पायातली चप्पल बघून ठरते, असं बायकोचं मत होतं. ती शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. आता दुकानामागच्या खोलीत कपडे शिवायची. मधे फक्त एक पडदा होता, त्यामुळे प्रत्येक दाखला तिच्या कानावरून जात असे.

एका सकाळी गावातल्या एक निवृत्त नर्सबाई उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली ड्रमसेटवरची झांज घेऊन आल्या. त्यांचा थोरला भाऊ जहाजावरच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. तो गेल्यावर बाकी सगळं वाटलं गेलं. झांज तेवढी कुणी घेतली नाही.

मास्तरांनी टिचकी मारली. “तुर्की. शंभर वर्षं जुनी.”

“भावाने नवी घेतली होती हो. पन्नास वर्षं झाली असतील.”

“सिस्टर, त्याच्यासाठी नवी होती.”

“आणि कडेला ही सहा भोकं?”

“हवा खेळती राहायला.”

पडद्यामागचं शिवणयंत्र क्षणभर थांबलं. मास्तरांनी दाखला लिहिला: तुर्की, दुर्मिळ, साठ हजार. सही एवढी मोठी की तारखेला जागा उरली नाही.

चार दिवसांनी नर्सबाई परत आल्या. हॉटेलात ड्रम वाजवणाऱ्या एकाला त्यांनी दाखला दाखवला होता. तो हवेच्या भोकांवर इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. त्या भोकांत रिव्हेट, म्हणजे धातूचे छोटे खिळे, सैल बसवतात, मग झांज वाजली की सळसळ आवाज निघतो, असं त्याने सांगितलं. मग त्याने झांजेचा व्यास आणि वजन विचारलं, आणि दाखल्यात दोन्ही नव्हतं.

“मास्तर, वजन न करता तुम्ही निदान केलंत?” नर्सबाई शांतपणे म्हणाल्या. “आम्ही साधा ताप सुद्धा कपाळाला हात लावून लिहिला नाही कधी.”

मास्तर उत्तर जुळवत होते तेवढ्यात पडदा सरकला. बायको गळ्यातली टेप आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बाहेर आली. झांज सतरा इंच भरली. वजन एक किलो सहाशे चाळीस ग्रॅम. मग तिने कपडे बेतायचा पातळ कागद झांजेवर पसरला आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवू लागली. डोळ्यांना न दिसणारा शिक्का कागदावर उमटायला लागला. वर अर्धगोलात कारखान्याचं पुसट नाव, त्याचं एकही अक्षर लागेना. खाली मात्र टी, ए, एल आणि वायची एक तंगडी.

“इटली,” नर्सबाई म्हणाल्या.

“तुर्कीतही टी असतो,” मास्तर म्हणाले, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

हॉटेलवाल्या ड्रमरने परदेशातल्या एका संग्राहकाचा पत्ता दिला. जुन्या इटालियन झांजा हाच त्या माणसाचा ध्यास. बायकोने फोटो, मापं आणि तो कागद त्याला पाठवला. आठवड्याने उत्तर आलं. घडण आणि शिक्का इटलीचाच वाटतो; पण असा अर्धगोल शिक्का मी पाहिलेला नाही; कारखाना कोणता ते मला माहीत नाही; अशी दुसरी विकली गेल्याचं ऐकलेलं नाही, म्हणून किंमत सांगू शकत नाही.

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं. “एवढा मोठा माणूस, आणि माहीत नाही म्हणतो,” ते हसून म्हणाले. दुसऱ्यांदा वाचताना हसू मावळलं. या माणसाकडे, पत्रातच लिहिलं होतं, तीनशे झांजा होत्या. आपण आयुष्यात किती नीट हाताळल्या ते आठवायला त्यांना एका हाताची बोटं पुरली. त्या दिवशी जेवताना त्यांनी आमटीत काय घातलंय ते बायकोला विचारलं, आणि तिने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

नवा दाखला लिहायला ते दुसऱ्या दिवशी बसले. व्यास, वजन, सहा भोकं, इटलीचा शिक्का, सगळं भराभर उतरलं. ‘कारखाना’पाशी पेन थांबलं. शेवटी त्यांनी ‘अज्ञात’ लिहिलं.

“अज्ञात म्हणजे कुणालाच माहीत नाही,” बायको मागून म्हणाली. “तुम्हाला माहीत नाही, एवढंच लिहा.”

त्यांनी खोडलं आणि लिहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. किमतीच्या जागी त्यांनी लिहिलं की नामांकित इटालियन झांजा या मापात अठरा-वीस हजारांना जातात. भोकांमुळे काही गिऱ्हाइकं परत फिरतील, काही मुद्दाम येतील. वाजवणाऱ्याला वाजवू द्यावं.

हॉटेलचा ड्रमर काठ्या आणि रिव्हेट घेऊन दुकानात आला. भोकांत रिव्हेट बसवून, झांज स्टँडवर चढवून त्याने एक हलका ठोका दिला. आवाज दुकानभर पसरला, लांबत गेला, आणि शेवटी तापलेल्या तव्यावर पाण्याचे थेंब नाचावेत तशी सळसळ उरली. मास्तरांनी ही झांज आज पहिल्यांदाच ऐकली होती. त्यांनी डोळे मिटले, आणि या खेपेला दाखवण्यासाठी नाही.

ड्रमर तेवीस हजार देतो म्हणाला. ठेवून घ्यावीशी वाटत असेल तर घाई करू नका, असं मास्तरांनी हळूच सुचवलं.

“छे हो,” नर्सबाई म्हणाल्या. “भावावर माझा जीव होता. हिने माझं डोकं उठायचं.”

झांज गेली, पण दाखल्याची गोष्ट गावभर झाली. जो माणूस ‘माहीत नाही’ असं शिक्का मारून देतो तो उरलेलं खरंच सांगत असणार, असा लोकांनी हिशेब केला, आणि दुकानापुढे रांग लागली. मास्तरही शिकले. दोन महिन्यांत ते वाद्याची पेटी उघडायच्या आधीच ‘मला माहीत नाही’ म्हणू लागले, तेही पूर्वीच्याच ठामपणाने, आणि दर दीडपट करून. मग बायकोने शिवणयंत्र दुकानातच आणून ठेवलं. आता दाखल्यावर दोन सह्या असतात. मोठी मास्तरांची, लहान आणि वाचता येण्यासारखी तिची. लोक आधी तीच शोधतात.