गेरूची रेघ

अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णेकाठी भाजी पिकवून विकणाऱ्या दुर्गाबाईला संशयाचं बाळकडूच मिळालं होतं. गिऱ्हाइकानं वांगं हातात घेतलं की ती वांग्याकडे नाही, त्याच्या डोळ्यांकडे पाही. मग घरचा माणूस कसा सुटेल?

अमेरिकेतल्या लढाईपायी विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसावर तुटून पडल्या होत्या, आणि त्याबरोबर लबाडीही माजली होती. तिचा नवरा शालिकराम एका व्यापाऱ्याकडे कापूस पारखायचा. कापसाच्या गासडीत कोपरापर्यंत हात घालायचा, वजन वाढवायला मारलेली ओल किंवा सरकी असल्याचा संशय आला की वरून गेरूची रेघ ओढून ती बाजूला काढायचा. अशा चौकस माणसाला अमरावतीच्या पाद्रीसाहेबांनी बायबल नीट अभ्यासायला बोलावलं. तिथून परतला की हा आपला पुटपुटत बसायचा. हे लिवलं कोनं? कवा लिवलं? येशूची एकच गोष्ट चौघं चार तऱ्हेनं कावून सांगतात?

ते ऐकून दुर्गाबाईच्या हातातली भाजी निवडायची तशीच राहायची. याच्याच शब्दावर तिनं बाप्तिस्मा घेतला होता. भाऊ तुटले, जातीनं पाणी बंद केलं. लेक शकुन तापानं गेली तेव्हा मातीलाही कोणी फिरकलं नाही. त्या दिवशी शालिकरामनं याच पुस्तकातून वाचलं होतं की मेलेली माणसं पुन्हा उठतील. तेवढ्यावर ती जगत होती. आता हाच फिरला तर?

तिनं पाळत ठेवली. जेवणाआधी तो प्रार्थनेला डोळे मिटायचा, तेव्हा ही उघडे ठेवायची. त्याचे ओठ हलायचे. पण ओठांचं काय घेऊन बसलात, ते दलालाचेही हलतात.

एका दुपारी तो बाजारात गेलेला पाहून तिनं पुस्तक उघडलं. वाचता येत नव्हतं, पण पानोपानी ओढलेल्या गेरूच्या रेघा दिसत होत्या. शकुनला पुरलं त्या दिवशी तिनं ज्या पानात शेवंती ठेवली होती, त्या पानावर तर सगळ्यांत जाड रेघ होती.

तो दारात येताच तिनं पुस्तक पुढे केलं.

"हे बी बाजूले काढलं तुमी? मंग माही पोरगी कुठं हाये? सांगा!"

शालिकराम तिथंच उंबऱ्यावर बसला. "गेरूची गासडी फेकत नाई वो आपुन. उघडून पाहतो."

"मंग हेच कावून उघडलं?"

"शकुन याच्याच भरवशावर ठेवली ना म्या. पोरगी जिथं ठेवली, थे जागा बापानं चाचपाची नाई?"

"काई लागलं हाताले?"

त्यानं पुस्तक घेऊन त्या जाड रेघेवर बोट टेकवलं. "कोनं लिवलं थे नाई समजलं. तळालेही नाई पोचलो. पन आतापर्यंत ओल नाई लागली."

दुर्गाबाईचा विश्वास बसला का? छे! तिनं त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलं, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाहायची तसंच. मग पदरानं तोंड पुसून ती त्याच्याशेजारी टेकली, त्या पानातली वाळलेली शेवंती अलगद मुठीत घेतली.

"वाचा," ती म्हणाली. "हळू वाचा, बोट ठेवून. मले बी हात घालून पाहाचा हाये."