पोळीवाचून आमरस
आंब्याच्या पेटीतल्या गवताचा वास आला, की मला बाणेरचं ते हॉटेल आठवतं. पोरगा कंपनीत कॉम्प्युटरवर, बढती मिळाली म्हणून मला नि बायकोला घेऊन गेला. सकाळपासून पोटात काही नाही, आणि येतंय काय, तर एवढ्याशा बशीत जांभळाचं काहीतरी, मग करवंदाचं, मग गारढोण फणस. दर वेळी वाटे, आता जेवण येईल. पोरगा म्हणाला, “बाबा, हेच जेवण. सगळं गोडच असतं इथं.” मला काही उमजेना. मग वाटीत आमरस आला. बायकोनं वाटीवर हात ठेवला. वेटर म्हणाला, “काकू, घ्या ना.” “पोळी येऊ द्या.” “पोळी नसते, काकू. असाच खायचा.” “नुसता? मी आजारी आहे का?” तिनं हात काही उचलला नाही. शेवटी आम्ही उठलो, रस तिथंच राहिला. घरी येऊन तिनं पोळ्या लाटल्या, त्या आम्ही लोणच्याबरोबर खाल्ल्या. ती गेल्यानंतरचा हा पहिला उन्हाळा. काल सुनेनं रस वाढला, शेजारी गरम पोळी. मी वाटीवर हात ठेवून बसून राहिलो. सून म्हणाली, “बाबा, पोळी वाढलीय की. आता कशाची वाट बघताय?”