तिसऱ्या धुण्याची बाटली

बाबारावाचा सदरा घामानं भिजलेला मी कधी पाहिला नाही. मे महिन्यातही नाही. कारखान्यात सगळ्यांना हे दिसे, पण कोरड्या सदऱ्यावरून कुणाला कामावरून काढता येत नाही.

आमचा कारखाना यवतमाळहून आर्णीकडे जाताना लागायचा. सरकीच्या तेलाचं वनस्पती तूप तिथं होई. १९६१ साली मी गाळणीवर होतो. तेलात निकेलची काळी भुकटी मिसळायची, बंद टाकीत तापवायचं आणि हायड्रोजन सोडायचा. निकेल असलं तरच हायड्रोजन तेलाला धरतो, आधी सगळ्यात पातळ भागाला, मग पुढच्याला. वेळेवर थांबवलं तर तूप, नाही तर मेणबत्ती. निकेल संपत नाही. गाळून पुन्हा वापरायचं. फक्त त्याला साबण लागला की ते मरतं.

आणि साबण तेलात असेच. तेल आधी कॉस्टिक सोड्यानं साफ करत, त्यात तो तयार होई. तो काढायला तेल कढत पाण्यानं तीनदा धुवायचं. एका धुण्याला हातपंपाचे दोनशे दांडे. तीन धुण्यांचे सहाशे. हे काम बाबारावाचं. तिसऱ्या धुण्याचं पाणी बाटलीत भरून तो केमिस्ट साहेबांपुढे झाकण उघडून धरी. साहेब खुर्चीतून न उठता दोन थेंब औषध टाकत. पाणी गुलाबी झालं तर साबण बाकी. बाबारावाची बाटली कधी गुलाबी झाली नाही. हे तो चहाच्या टपरीवर रोज सांगे. पंपावर तो जितका वेळ असे, त्याहून टपरीवर जास्त असे.

त्या मे महिन्यात तीन घाणे लागोपाठ बिघडले. दोन तासांचं काम सात तास चाललं, तरी तेल पातळच. निकेल जलालच्या ताब्यात होतं. तो ते मोजायचा, मिसळायचा, गाळणीच्या कापडावरून खरवडून परत डब्यात भरायचा. कापडावर नखाएवढा डाग ठेवत नसे. साहेबांनी त्यालाच बोलावलं.

"चौथा घाणा बिघडला, तर उद्यापासून येऊ नकोस."

बाबाराव दारातच उभा होता. "निकेलनं तुह्या हाताचा धसका घेतला, जलालभाई. माह्यं पाणी पाह्य. गंगाजल."

"तू पंपावर कवा दिसला मले?"

"तू गाळणी पाह्य. पंप मी पाहून राह्यलो."

"पाहूनच राह्यला," जलाल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबारावानं बाटली आणली. जलाल निकेलचा डबा घेऊन तिथंच उभा होता. साहेबांनी औषध उचललं, तेवढ्यात जलालनं बाटली काढून घेतली आणि साहेबांच्या हातात दिली.

"साहेब, धुण्याचं पाणी चटके देते. हे आत्ताच भरलं म्हणते हा. मंग थंड काहून?"

साहेबांनी बाटली दुसऱ्या हातात घेऊन पाहिली.

"वाटेत निवलं," बाबाराव म्हणाला.

टाकीपासून खोली वीस पावलांवर होती.

ते विहिरीचं पाणी होतं. रोज तेच असायचं. तेल एकदा धुवायचं, वहीत तीनदा लिहायचं, आणि जाताजाता विहिरीवर बाटली भरायची. निकेल तेच फिरून वापरात, त्यावर साबण थोडा थोडा साचत गेला आणि मे महिन्यात ते मेलं. चारशे दांडे चुकवायला या माणसानं एवढी अक्कल खर्च केली. आणि शिकलेले साहेब महिनोन्‌महिने रंग पाहत बसले. बाटलीला हात लावायचे कष्ट त्यांनीही घेतले नव्हते.

साहेब बाबारावाला घेऊन पंपावर आले. म्हणाले, "दोन धुणी राहिलीत. मार दांडे." आम्ही सगळे पाहत होतो. मी मोजत होतो. चाळीसला त्यानं हात बदलला. सत्तरला सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. एकशे तीसला, "पाणी पिऊन येतो," म्हणाला आणि विहिरीकडे गेला. तिथून तो फाटकाबाहेर पडला आणि पुसदकडच्या एस.टी.त बसला, असं फाटकावरच्या माणसानं सांगितलं.

दुसऱ्या धुण्याचे सत्तर उरले होते, तिसऱ्याचे दोनशे. ते मी आणि जलालनं मारले. तिसऱ्या धुण्याचं पाणी जलालनं कढतच नेलं. ते गुलाबी झालं नाही. मग त्यानं नवं निकेल मोजून घातलं.

घाणा दोन तासांत उतरला. जलाल दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आला.