वहिनींच्या तोंडातलं पाणी

इस्त्रीच्या दुकानाला दोन खोल्या. पुढच्या खोलीत फळी, गल्ला आणि दीर. मागच्या खोलीत टेबल, त्यावर दुमडलेलं घोंगडं, निखाऱ्यांची जड इस्त्री आणि वहिनी. मधल्या भिंतीला हात जाईल एवढी खिडकी. तिच्यातून चुरगळलेले कपडे आत जात आणि कडक होऊन बाहेर येत. अर्धं गाव वहिनींच्या घड्या अंगावर घालून ऐटीत फिरलं, पण त्यांचा चेहरा ओळखणारं माणूस शोधावं लागलं असतं.

नवरा गेला तेव्हा त्या ऐन तारुण्यात होत्या आणि दीर शाळेत. त्याला वाढवला, शिकवला, त्याचं लग्न लावून दिलं, पण हातातली इस्त्री काही सुटली नाही. काम मात्र बघत राहावं असं. पाण्याचा घोट तोंडात धरायचा, गाल फुगवायचे आणि ओठांच्या फटीतून असा फवारा सोडायचा की कापडावर दव पडलं म्हणावं. मग इस्त्री फिरे आणि सुती कापडातून वाफेचा ढग हळूच वर चढे. तोंड सदा भरलेलं, म्हणून वहिनींचं बोलणं "हं" आणि "अंहं" एवढ्यावर आलेलं. धाकटी जाऊ चेष्टेनं म्हणायची, "ताईंना गुपित सांगावं. वर पाण्याचं कुलूप!"

त्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या बँकेतला कारकून नुकताच इस्त्री होऊन आलेला शर्ट नाचवत उभा राहिला. छातीवर ही एवढी ओल. दिरानं खिडकीशी तोंड नेलं.

"अहो वहिनी, शर्टाला इस्त्री करायची होती, आंघोळ नव्हती घालायची!"

आतून काहीतरी जड, ओलं, न कळणारं उत्तर आलं.

"आधी घोट गिळा, मग बोला!"

कारकून खो खो हसला. शर्ट परत आत गेला.

वहिनींच्या तोंडात पाणी नव्हतंच. ओठाचा उजवा कोपरा खाली उतरला होता आणि घोट तिथूनच शर्टावर सांडला होता. उजवा हात आपला वाटेना. त्यांनी डाव्या हातात इस्त्री घेतली आणि पुढचा कपडा ओढला. खिडकीतून कपडे येत राहिले, आणि कपडे येतायत तोवर आत सगळं ठीक आहे, असा घराचा हिशेब.

दुपारी जळका वास सुटला तेव्हा दीर आत धावला. वहिनी टेबलाच्या पायाशी पडल्या होत्या.

"वारं गेलं अंगावरून," म्हणत धाकटी तेल गरम करायला निघाली. शेजारचा रिक्षावाला दारातूनच ओरडला, "तेल राहू द्या! तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड. माझ्या सासऱ्यांचं अस्संच झालं होतं. सरकारी हॉस्पिटलात इंजेक्शन दिलं, फुकटात, आणि आता शेतात जातात. पण लगेच न्यायला हवं."

"सरकारीत?" दीर म्हणाला. "तिथं माणसं मरायला जातात." तरी बसला रिक्षात.

हॉस्पिटलात कुणी ताटकळत ठेवलं नाही. दारातूनच स्ट्रेचर, तसाच डोक्याचा फोटो. डॉक्टरबाई बाहेर आल्या. "रक्तस्राव नाही, गुठळी आहे. इंजेक्शनचा उपयोग होईल. सुरू कधी झालं हे? धडधाकट कधी पाहिलंत शेवटचं?"

"आत्ताच की," दीर म्हणाला. "तासही झाला नसेल."

"नीट आठवा. साडेचार तासांच्या आत दिलं तरच. उशिरा दिलं तर मेंदूत रक्त उतरून जीव जाऊ शकतो."

धाकटीला राहवेना.

"अहो, सकाळी तुमच्याशी बोलल्या तेव्हाच..."

"तेव्हा तोंडात पाणी होतं!"

"त्याच्याही आधी, चहा त्यांच्या हनुवटीवरून ओघळत होता. मीच म्हटलं, ताई, लहान झालात की काय."

डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. इंजेक्शनची पेटी त्यांनी परिचारिकेच्या हातात परत दिली. "वेळ निघून गेली," त्या म्हणाल्या आणि वहिनींना वॉर्डात हलवायला सांगितलं.

वहिनी जगल्या. उजवी बाजू गेली, शब्द गेले. समज मात्र तश्शीच राहिली, धारदार. मागच्या खोलीत आता पगारी माणूस उभा असतो, आणि वहिनींची खुर्ची पुढं, फळीजवळ. गिऱ्हाईक विचारतं, दीर सांगतो.

"काय सांगू साहेब, सरकारी कारभार! इंजेक्शन हातात होतं हो डॉक्टरबाईंच्या. दिलं नाही. गरिबाला कोण विचारतो?"

गिऱ्हाईक चुकचुकतं. वहिनी डावा हात फळीवर आपटतात, एकदा, दोनदा. मान जोरानं हलते, घशातून आवाज फुटतो.

"काय म्हणतायत?"

"काही नाही हो," दीर कपड्यांवर कागद गुंडाळत म्हणतो. "त्यांना आता काही कळत नाही."