चारशेच्या वर

चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या खोलीत तो बसायचा. काचा घासायच्या, फ्रेमच्या मापात आणायच्या, बसवायच्या. सगळे त्याला फिटर म्हणत. दुकानाचे मालकही, त्यांना तो काका म्हणे. वय सव्वीस. नऊ वर्षांत त्यानं बसवलेली एकही काच परत आली नव्हती.

डावा डोळा बिघडायला लागला तेव्हा तो एकोणीसचा होता. आधी दिव्याला शेपूट फुटलं. मग एका दिव्याचे तीन झाले. त्यानं कुणाला सांगितलं नाही. दुकान हाताशी होतं. दुपारी काका घरी जेवायला गेले की तो अक्षरांच्या तक्त्यासमोर बसायचा, तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवायचा आणि काचा बदलत, फिरवत राहायचा. अक्षरं त्यातल्या त्यात जिच्यातून उभी राहतील ती काच ठरली, की संध्याकाळपर्यंत त्या नंबरचा चष्मा तयार. काही महिने बरे जायचे. मग पुन्हा तेच.

डोळे चोळायची खोड लहानपणापासूनची. त्यात कामावर काचेची पूड उडायची, खाज वाढायची. मनगटाच्या हाडानं तो असा रगडायचा की आई विचारायची, डोळा आहे की कणीक? रगडल्यावर घटकाभर बरं वाटायचं.

दुकानाचा एक नियम होता. कुणाचा सिलिंडर नंबर, म्हणजे डोळ्याच्या वाकडेपणाचा, वर्षभरात एकानं वाढला, तर नवा चष्मा करायचा नाही. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं कार्ड होतं. जुने नंबर त्यावर असत, म्हणून वाढ लपत नसे. फिटर हा नियम काटेकोर पाळायचा. चिडलेल्या गिऱ्हाइकांनाही गोड बोलून डॉक्टरकडे धाडायचा. पण तो स्वतः गिऱ्हाईक नव्हता. त्याचं कार्डच नव्हतं.

मग एक दिवस कपडे शिवणाऱ्या बाई परत आल्या. नवा चष्मा काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "काका, माझी मशीन तिरकी झालीय, की मी?" सरळ घातलेली शिवण त्यांना उतरणीला लागल्यासारखी दिसत होती. दोन ब्लाउज उसवावे लागले होते.

काकांनी चष्मा नंबर मोजायच्या यंत्राखाली धरला. काच फिरलेली होती, थोडीथोडकी नाही. त्यांनी बाईंची माफी मागितली आणि मागच्या खोलीत गेले.

फिटरला चूक लगेच कळली. काचेवर शाईचे तीन ठिपके मारायचे आणि त्या ठिपक्यांच्या रेषेत ती फ्रेममध्ये बसवायची, ही त्याच्या कामाची रीत. त्याला मात्र प्रत्येक ठिपक्याशेजारी सावलीचा ठिपका दिसायचा. गडद तो खरा, असा त्याचा हिशोब होता. इतके दिवस तो चालला. त्या दिवशी एक सावलीच गडद होती.

काकांनी त्याला तक्त्यासमोर बसवलं आणि उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. डाव्यानं त्याला सगळ्यात वरचं अक्षर कसंबसं लागलं. तो म्हणाला, नवा नंबर काढतो ना, आजच काढतो. त्याच्या टेबलाचा ड्रॉवर काकांनी स्वतःच ओढला. आत सात चष्मे होते. एकेक यंत्राखाली धरून त्यांनी नंबर कागदावर उतरवले, एकाखाली एक.

कागद त्याच्यापुढे सरकवून त्यांनी विचारलं, "हे गिऱ्हाईक असतं, तर तू काय केलं असतंस?"

त्याला उत्तर येत होतं. त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेला.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्याचा नकाशा काढला. कडेला निळा, मध्याच्या खाली लालभडक. केराटोकोनस, त्या म्हणाल्या; उजव्यातही सुरुवात आहे. हे नाव त्यानं वाचलेलं होतं, दुसऱ्यांच्या कार्डांवर. डोळ्याच्या पुढचा काचेसारखा पडदा पातळ होतो आणि सुळक्यासारखा पुढे येतो. वेड्यावाकड्या पृष्ठभागाला चष्म्याची काच पुरी पडत नाही, हे त्याला कुणी समजवायला नको होतं. सात वर्षं तो तेच करत होता, एवढंच.

उपाय होता. पडद्यावरचा सायीसारखा पातळ थर काढायचा, पिवळ्या औषधाचे थेंब मुरवायचे आणि वरून अतिनील प्रकाश सोडायचा. आतले धागे एकमेकांना घट्ट धरतात, पडदा ताठ होतो. बहुतेकांचा आजार तिथंच थांबतो. गेलेली नजर त्यानं परत येत नाही. तिच्यासाठी पुढे कडक लेन्स. मात्र साय काढल्यावर जाडी चारशे मायक्रॉनच्या वर हवी. नाहीतर प्रकाश खोल जाऊन इजा करतो. मग हा साधा मार्ग बंद. त्याचा डोळा आज साडेचारशेच्या जरा पुढे होता. सायीचे पन्नास वजा केले, की चारशेच्या वर उरत होते पाच-सहा.

"माणसाचा केस सत्तर मायक्रॉनचा असतो," बाई म्हणाल्या. "तीन आठवड्यांनी तारीख आहे. तोवर डोळ्याला हात लावायचा नाही. चोळलास तर हे पाचही जातील."

तीन आठवडे. इतका वेळ आपण हातांचं काय करतो, हे त्याला प्रथमच कळलं. हात सारखे वर निघायचे. खिशात घातले तर खिशातून निघायचे. काकांनी त्याला घासायच्या यंत्रापासून उठवून काउंटरवर बसवलं. तिथं तो फ्रेमा पुसायचा, पुसलेल्या पुन्हा पुसायचा. काका म्हणाले, रंग जाईल आता.

घरी धाकटी बहीण पहाऱ्याला. तिनं कुठूनसा पोहण्याचा चष्मा आणला. फिटर तो घालून बसला, की ती विचारायची, दादा, पाणी गार आहे का? झोपताना आई त्याच्या डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवायची. खाजेचं औषध वेळच्या वेळी. तरी बाराव्या दिवशी, अंगावरचा टॉवेल बाजूला करता करता मनगट डोळ्यावर गेलं. दोनदा. कदाचित तीनदा. बहिणीनं पाहिलं. ती रागावली नाही, चेष्टाही केली नाही. पोहण्याचा चष्मा आणून त्याच्या हातात ठेवला आणि आत निघून गेली. त्यानंतर त्याला बसवेना. उरलेले दिवस तो या खोलीतून त्या खोलीत चालत राहिला. तीनदा म्हणजे किती मायक्रॉन, हे सांगणारं यंत्र दुकानात नव्हतं.

तारखेच्या दिवशी त्याला टेबलावर आडवं केलं. डोळा बधिर केला. साय निघताना दुखलं नाही. फक्त वरचा दिवा विरघळला. मग मोजमाप. बाईंनी एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. सहायकाला म्हणाल्या, परत घे. चादरीखाली त्याच्या दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या.

"चारशे दोन," बाई म्हणाल्या. "चला."

अर्धा तास थेंब. मग निळा प्रकाश, तोही अर्धा तास. शेवटी डोळा झाकायला वर एक मऊ लेन्स बसवली. पुढचे तीन दिवस डोळ्यात वाळू भरल्यासारखं झालं आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

आठवड्यानं बाईंनी वरची मऊ लेन्स काढली. दिसत होतं ते आधीपेक्षाही धूसर. हे होणारच, त्या म्हणाल्या; थांबलंय की नाही ते सहा महिन्यांनी नकाशा सांगेल. त्यानं मान हलवली. पण उठला नाही.

"उजव्याची तारीख?"

"तो जाड आहे अजून. पुढच्या महिन्यात बघू."

"या आठवड्यात नाही होणार?"

बाई हसल्या. "सात वर्षं आला नाहीस. आता आठवड्याचा धीर नाही?"

नाही, तो म्हणाला. दारात पुढचा पेशंट येऊन उभा राहिला. बरोबर आलेल्या आईनं त्याच्या दंडाला धरलं. तो उठून बाहेर दवाखान्याच्या काउंटरशी गेला आणि तिथल्या मुलीनं वहीत तारीख लिहीपर्यंत, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून, तिथंच उभा राहिला.